माडीवरची राणी

"माई, केरसुणी खाली ठेवा! मारू नका तिला!"

मी कॉटवर आडवी होते, उठायची बंदी होती, म्हणून पडल्या पडल्याच ओरडले. माझ्या सासूबाईंचा उगारलेला हात तसाच राहिला. त्यांच्याशी आवाज चढवून बोलायची त्या घरात कुणाची टाप नव्हती, पण मी तेव्हाही तोंडाची फटकळच.

"अगं, मुंगळा आहे तो! तुझ्या उशाशी आलाय."

"मुंगळा नाही, राणी आहे. पंख मोडलेली राणी. अण्णा, अहो अण्णा, तुमची रबरी वाटी आणा लवकर!"

अण्णा म्हणजे माझे सासरे. मिरजेत कवळ्या करायचे. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत बसून अण्णा त्यावरून कवळ्या बनवायचे. ते प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या हातांनी तसेच धावत आले, भिंतीवरच्या त्या काळ्याभोर, जाड पोटाच्या राणीवर वाटी पालथी घातली आणि खालून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवला.

"धरली. आता हिचं करायचं काय?"

"घर बांधायचं," मी म्हणाले. "तुम्ही आणि मी."

"घ्या!" माई म्हणाल्या. "मुंग्या झाल्या की लोक हळद टाकतात, आणि आमच्याकडं त्यांना घरं बांधून द्यायची."

त्या वर्षी मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही पोटातच गेली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, बाळंत होईपर्यंत कॉट सोडायची नाही, जिन्याचं तर नावसुद्धा काढायचं नाही. आमचे हे औषधकंपनीत, आठवडाभर कोल्हापूर-बेळगाव फिरतीवर. मी दिवसभर छताकडं बघत पडायची. जरा कुठं दुखलं की जीव गोळा व्हायचा. शेजारणी येऊन "या वेळी सगळं नीट होणार हं" म्हणायच्या, आणि मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं.

लग्नाआधी मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलं होतं. मुंग्यांचा धडा आमच्या बाई फार जीव लावून शिकवायच्या. तेवढाच एक धडा मला सबंध आठवत होता.

"पंख कुणी मोडले हिचे?" अण्णांनी विचारलं.

"तिनंच. हिचं लग्न एकदाच होतं, हवेत. खाली उतरली की स्वतःचे पंख स्वतः मोडून टाकते. मग बीळ करायचं, दार लिंपून घ्यायचं आणि आत एकटीनं अंडी घालायची. पहिली पोरं मोठी होईपर्यंत अन्नाचा कण खात नाही."

"मग जगते कशावर?"

"स्वतःच्या अंगावर. पंखांचं मांस विरघळतं, त्यावर पोरं पोसते."

अण्णा वाटीकडं बघत राहिले. माई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "बाईची जात," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा एका ताटात सामान मांडून माझ्या कॉटशी आले. सुपारी फोडायला बसल्यासारखी मांडी घालून बसले.

"बोल, कशाचं बांधू? अ‍ॅक्रिलिकचं करतो. कवळीसारखं गुलाबी. जन्मभर टिकेल."

ते गुलाबी अ‍ॅक्रिलिक एका पावडरीत लिक्विड कालवून व्हायचं. त्या लिक्विडचा वास परसातून थेट स्वयंपाकघरात यायचा. अण्णांना मात्र यायचा नाही. इतकी वर्षं तो हुंगून हुंगून त्यांचं नाक पार मेलं होतं. समोर आमटी करपली तरी त्यांना पत्ता नसायचा.

"अ‍ॅक्रिलिक नको," मी म्हणाले. "मुंगीचं सगळं वासावर चालतं, अण्णा. आपलं कोण, परकं कोण, वाट कुठली, सगळं वासानं कळतं तिला. आपल्या नाकाला नुसतं झोंबतं, त्यानं ती मरते."

"आता मला मेल्याला वास काय कळणार?"

"मी सांगते ना. दिवस गेल्यापासून मला तिसऱ्या घरातली फोडणी कळते."

"मग झालं तर," अण्णा खूश झाले. "तुझं नाक, माझे हात."

अण्णांचा स्वभाव असा, की कवळी तोंडात नीट बसल्याशिवाय गिऱ्हाईकाला सोडायचे नाहीत. तसंच इथंही. म्हणाले, राणी एकच आहे, तिच्यावर प्रयोग नको. परसात पेरूच्या बुंध्याशी काळे मुंगळे होते, त्यातले थोडे थोडे धरून त्यांनी औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत टाकले, आणि प्रत्येक बाटलीत वेगळा तुकडा ठेवला. तोंडाला फडकं. बाटल्या माझ्या कॉटखाली ओळीनं. माझी आपली करमणूक.

अ‍ॅक्रिलिकच्या बाटलीतले संध्याकाळपर्यंत झिंगल्यासारखे चालायला लागले, सकाळी सगळे उताणे. पत्र्याला लावायच्या रबराच्या सोल्यूशनचंही तेच. माईंनी कुरकुरत का होईना, जुन्या देव्हाऱ्याची एक पट्टी आणून दिली. "लाकूड तरी चालेल ना तुमच्या महाराणीला?" पण त्या पट्टीला कधीकाळी वाळवीचं औषध लावलेलं होतं. तिथले सगळ्यात आधी गेले. कुंडीतली माती मीच नको म्हटलं, गुलाबाला घातलेली पावडर तिच्यात असणार. साध्या प्लास्टरमधले जगले, पण ओलं केलं की त्यावर काळी बुरशी धरायची आणि मुंगळे ते पोखरून भुगा करायचे.

अण्णा मेलेले मुंगळे कागदावर घेऊन बराच वेळ बघायचे.

"यांनी काय घोडं मारलं होतं आपलं?" एकदा म्हणाले. मग आत जाऊन माईंकडून चिमूटभर साखर आणून पेरूपाशी टाकून आले.

शेवटी राहिला पिवळा स्टोन. कवळीचे साचे ओततात तो, प्लास्टरचाच भाऊ, पण दगडासारखा घट्ट. त्यातले मुंगळे ठणठणीत. अण्णांनी त्याचा तुकडा भिजवून माझ्या नाकाशी धरला.

"काय येतो?"

"नुसत्या ओल्या भिंतीचा."

"चालेल?"

"हेच, अण्णा. हेच."

मग त्यांनी मेणाची एक शेंग वळली, भुईमुगाच्या शेंगेएवढी, मध्ये जरा बारीक. तिला काडीएवढी एक वाट काढली. त्यावर स्टोन ओतला, बुडबुडे निघावेत म्हणून वाटी टेबलावर हलकी हलकी आपटली. घट्ट झाल्यावर उकळतं पाणी घातलं, मेण वितळून वाहून गेलं आणि आत राणीची खोली तयार. एका कडेला पाण्याचे थेंब सोडायला खळगी. वर जुन्या फोटोची काच, तिच्या कडा अण्णांनी मशिनवर घासून गुळगुळीत केल्या. काच डिंकानं नाही, मेणानंच बसवली. मग दोन दिवस चुलीच्या उबेला ठेवून वाळवलं, परत धुतलं, परत वाळवलं, आणि प्रत्येक वेळी मला हुंगायला लावलं.

"कसं झालंय?"

"मलाच राहायला जावंसं वाटतंय."

अण्णा गालात हसले. राणीला आत सोडली तेव्हा ती आधी भिंतीभिंतीनं फिरली, मिशांनी सगळं चाचपलं, आणि मग शेंगेच्या आतल्या बाजूला जाऊन बसली. आम्ही दोघं डोकं लावून काचेतून बघत होतो. मला काय झालं कुणास ठाऊक, एकदम बोलून गेले.

"अण्णा, हिची पोरं जगली ना, तर माझंही जगेल."

"असलं काही बोलू नये, पोरी. सायन्स शिकलीस तू."

"शिकले खरं. पण माझ्या मनानं घेतलंय आता."

काचेवरचा माझ्या श्वासाचा धूर अण्णांनी धोतराच्या सोग्यानं पुसला.

घर ठेवायचं कुठं, यावरून मात्र वाजलं. माई म्हणाल्या, पोटुशीच्या उशाशी मुंग्या मी ठेवू देणार नाही, मग कुणी काहीही म्हणो. खरं तर मलाही ते उशाशी नकोच होतं. राणीला अंधार लागतो, शांतता लागते. सारखं हलवलं, उजेड पाडला तर भेदरते आणि घातलेली अंडी स्वतःच खाऊन टाकते.

"स्वतःची अंडी?" माईंनी तोंडावर हात ठेवला.

"भीतीनं, माई."

माडीवर एक खोली होती. तिथं भिंतीतलं कपाट होतं, दाराचं, रिकामं. ते ठरलं. मी माईंना बजावलं, माडीवर उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही, फिनेल नाही, मुंग्यांचा खडू नाही, फवारा नाही, हळदसुद्धा नाही.

"देवालाही विचारून ठेव, त्याचं भागेल का," माई फणकारल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या उदबत्ती बाहेर तुळशीपाशी लावायला लागल्या. जमीन नुसत्या पाण्यानं पुसायला लागल्या. बोलायच्या तोडून, पण सांगितलेलं चुकवायच्या नाहीत.

मला तर जिना बंद. तेव्हा रोज संध्याकाळी काम आटोपलं की अण्णा हात धुवून वर जायचे. त्यांचे गुडघे दुखायचे, एकेक पायरी दोन्ही पाय टेकत चढायचे. मी खालून आवाज ऐकायची. कपाटाचं दार कुरकुरायचं. काचेवर लाल कागद टाकून त्यातून टॉर्चनं ते बघायचे, लाल उजेड मुंगीला कळत नाही म्हणून मीच सांगितलं होतं. मग परत दार, परत पायऱ्या.

"काय म्हणते?" मी विचारायची.

"खुशाल आहे."

एका संध्याकाळी पायऱ्या जरा घाईनं वाजल्या. "घातली गं! पांढरी, खसखशीएवढी! त्यांची ढिगली करून वर बसलीय." मी उशीत तोंड घालून रडले. माईंनी त्या दिवशी शिरा केला. कशाचा ते बोलल्या नाहीत.

त्यानंतर थोड्या दिवसांनी अण्णा वर गेले ते बराच वेळ खाली आलेच नाहीत. मी हाक मारली तेव्हा उतरले. मोरीत जाऊन हात धुतले, पंचाला पुसले, पंचाची घडी घातली.

"काय म्हणते?"

"खुशाल आहे," अण्णा म्हणाले. "गुडघा धरला होता जरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापाशी येऊन बसले. "अंड्यांचं पुढं काय होतं गं?"

मी म्हटलं, अळ्या होतात. पांढऱ्या, मुंडी वाकवलेल्या. आई त्यांना भरवते. मग त्या स्वतःभोवती कोश विणतात, बाहेरून तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात. अण्णा लहान मुलासारखे ऐकत होते. आणि बघा, काही दिवसांनी वरून आले ते म्हणाले, "अळ्या झाल्यात. मुंडी वाकवून बसल्यात, तू म्हणालीस तशाच."

"पुस्तकात असतं तसंच होतंय सगळं!" मला कोण आनंद.

माईंची वर-खाली बरीच ये-जा असायची. पदराखाली काहीतरी घेऊन जायच्या. "माई, वर कशाला?" म्हटलं की म्हणायच्या, "कपडे वाळतात का बघते. खाली दमट आहे." पाऊस सरला होता तरी कपडे वाळत नव्हते, याचं मला काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष अण्णांच्या पायऱ्यांकडं असायचं.

कोश झाले. कोश पिवळे पडले. एक दिवस अण्णा खाली आले आणि माझ्या कॉटच्या कडेला टेकले. एरवी ते सुनेच्या कॉटवर कधी बसायचे नाहीत.

"एक पोरगी बाहेर आलीय आज," म्हणाले. "एवढीशी, फिकट. आईच्या अंगावर चढून बसलीय, उतरायचं नाव घेत नाही."

मी मोठ्यानं हसले. आणि त्याच वेळी पोटात बाळानं लाथ मारली, चांगली सणसणीत. "अण्णा, फिरतंय बघा, माई, अहो माई!" माई पिठाच्या हातानं धावत आल्या आणि हात वर धरूनच उभ्या राहिल्या. तिघंही हसत होतो. त्या घरात मी इतकी सुखी पुन्हा कधीच झाले नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, मला वाटलं आनंदाचं.

सातव्या महिन्यात एका सकाळी कॉट ओली झाली. टाका धरला नाही. दवाखान्यात नेलं, सगळं झालं. मुलगी होती. रडली नाही. नर्सनं तिला टॉवेलात गुंडाळून माझ्याजवळ क्षणभर धरली, तिचे ओठ अगदी ह्यांच्यासारखे होते. मग घेऊन गेली.

घरी आणलं. सगळे पायांचा आवाज न करता वावरायला लागले. मला दूध येत होतं. ते कुणासाठी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी छातीला फडकं घट्ट बांधून त्याच कॉटवर पडून राहायची. अण्णा संध्याकाळी वर जात नव्हते, आणि मी विचारत नव्हते.

पण एका दुपारी डोक्यात तिडीक गेली. वर, माझ्या डोक्यावर, त्या कपाटात एक बाई आपल्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवत बसलीय! मीच तिला आसरा दिला, मीच तिला घर निवडून दिलं, प्रत्येक दगड नाकाशी धरून. तिची जगली. माझी नाही. मला त्या मुंगीचा हेवा वाटला, नुसता हेवा नाही, राग राग आला. म्हटलं, उचलायचं ते घर आणि द्यायचं खिडकीतून भिरकावून. फुटू दे. जाऊ दे सगळी मातीत.

मी उठले. आता जिना चढायला मला कुणाची बंदी नव्हती.

कपाटाचं दार उघडलं आणि भपकन वास आला. डांबरगोळ्यांचा. डोळ्यांत पाणी येईल असा. दार इतके दिवस बंद, सगळा वास आत कोंडलेला.

खालच्या फळीवर अण्णांनी केलेलं घर होतं. मी काचेवरचा लाल कागद काढला. राणी उताणी पडली होती, पाय पोटाशी घेऊन, वाळलेली. शेजारी अंड्यांच्या जागी करड्या धुळीची एक टिकली. अळ्या नाहीत, कोश नाहीत. एकही पोरगी नाही. वाळलेलं बघून कळत होतं, आजकालचं नाही हे.

वरच्या फळीवर एक गाठोडं होतं, माईंच्या मऊ जुन्या लुगड्याचं. मी ते ओढलं, सोडलं. आत लंगोट होते, एकसारखे, हातशिलाईचे. टोपडं. जरीच्या काठाची कुंची. लोकरीचा पिवळा स्वेटर, माझ्या तळहाताएवढ्या बाह्यांचा. आणि सगळ्यांच्या मध्ये मध्ये पांढऱ्या गोळ्या.

जिन्यावर पायऱ्या वाजल्या. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकत. अण्णा दारात येऊन धापा टाकत उभे राहिले.

"कधी गेली?" मी विचारलं.

"अंडी घातली आणि थोड्याच दिवसांत."

"आणि अळ्या? कोश? ती पोरगी? आईच्या अंगावर चढून बसलेली?"

"तूच सांगायचीस दुपारी. संध्याकाळी मी तेच परत सांगायचो."

अण्णा चौकटीला धरून हळूहळू खाली बसले.

"तू बोलून गेली होतीस, पोरी. हिची जगली तर माझं जगेल. मग मी खाली येऊन काय सांगायला हवं होतं? मला जमलं नाही. मला वासच आला नाही गं. सगळं नीट निवडलं आपण, काच, मेण, स्टोन. मेली तेव्हा मी घर उलटंपालटं करून बघितलं, आपलं काय चुकलं म्हणून. मग वर हात गेला, गाठोडं लागलं. तुझं नाक खाली राहिलं आणि राणी वर."

"रोज वर येऊन काय करत होता मग?"

"बसायचो. बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा."

मी कुंची हातात घेऊन उभी होते. तिच्या काठावर माईंचे टाके होते, इतके बारीक की दिसू नयेत.

"माईंना माहीत आहे?"

"नाही. आणि सांगू नकोस," अण्णांनी हात जोडले. माझ्यापुढं, सुनेपुढं. "गोळ्या तिनं ठेवल्यात. ते कपाट आता माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, म्हणून तिनं इथं लपवलं असणार. तिला कळलं तर ती दोन्ही मरणं स्वतःच्या माथ्यावर घेईल. राणीचं आणि आपल्या पोरीचं."

मला त्या क्षणी कुणाची दया येत नव्हती, खरं सांगते. माझी मुलगी गेली होती. या दोघांनी मला आंधळं ठेवलं होतं, एकानं खोटं सांगून, एकीनं लपवून. तोंडात सगळा राग येऊन थांबला होता. खालून पुन्हा पायऱ्या वाजल्या, या वेळी भरभर. मी लाल कागद काचेवर परत टाकला. का टाकला, मला तेव्हा कळलं नाही.

माई दारात आल्या. माझ्या हातातली कुंची त्यांनी बघितली आणि तिथंच थिजल्या.

"बघितलंस?"

मी मान हलवली.

"जन्मायच्या आधी शिवू नये म्हणतात," माई म्हणाल्या. एरवीचा तो ठसका आवाजात कुठंच नव्हता. "मला का माहीत नव्हतं? दुसऱ्या बायकांना मीच सांगत आलेय. पण त्या दिवशी फिरलं ना ते पोटात, त्याच्या आधीपासून हाताला राहवेना. दोन वेळा गप्प बसले, काही शिवलं नाही, तरी दोन्ही गेलीच की. म्हटलं, या वेळी शिवून बघू. माझ्या हौसेनं गेली गं ती. माझ्या हातानं."

"नाही, माई."

"आणि अजून एक." त्या कपाटाकडं बघत होत्या. जवळ यायचं धाडस होत नव्हतं त्यांना. "तू वासाचं किती बजावलं होतंस. कापूरसुद्धा नको म्हणालीस. लोकरीला कसर लागते म्हणून मी गोळ्या टाकल्या, माझ्या डोक्यात आलंच नाही. दवाखान्यात बाकड्यावर बसले होते, तिथं एकदम आठवलं. तेव्हापासून वर यायची छाती होत नाही. तुझी राणी..."

अण्णांनी मान खाली घातली. माई माझ्याकडं बघत होत्या. उत्तराची वाट बघणारं ते तोंड मी ओळखत होते. मी स्वतः रोज संध्याकाळी कॉटवरून तसंच बघायची.

"खुशाल आहे, माई."

"खरं?"

"पोरं झालीत तिला. एक तर आईच्या अंगावर चढून बसते, उतरायचं नाव घेत नाही."

माई मटकन खाली बसल्या. "निदान तिची तरी," म्हणाल्या. "निदान तिची तरी राहिली." आणि पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचं डोकं माझ्या छातीवर आलं, दुधानं ओल्या झालेल्या फडक्यावर, आणि तिथंच मीही पहिल्यांदा मोकळी रडले. अण्णा उठून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

"बघू का एकदा?" थोड्या वेळानं माईंनी विचारलं.

"नको, माई. उजेडाला भितात."

"नको नको. राहू दे."

त्या दिवसापासून संध्याकाळी मी माडीवर जायला लागले. दार उघडायची, बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा बसायची, दार लावायची. खाली माई भाकरी थापत विचारायच्या, "काय म्हणते?" मी सांगायची. अण्णा परसात मशिन बंद करून ऐकायचे.

पुढं मला मूल झालंच नाही. उन्हाळ्यात मी माईंना म्हटलं, वारूळ मोठं झालंय, त्या घरात मावत नाहीत आता, पेरूखाली सोडून दिल्या. माई म्हणाल्या, बरं केलंस, मोकळं बरं असतं.

अण्णा गेल्यावरही माई बरीच वर्षं होत्या. जिच्या हातात मुंगी दिसली की केरसुणी यायची, ती बाई रोज सकाळी पेरूच्या बुंध्याशी चिमूटभर साखर टाकायची. पुढं त्यांना नीट दिसेना, तेव्हा मीच धरून नेत असे. त्या वाकायच्या, साखर सोडायच्या आणि मुंगळे जमेपर्यंत हलायच्या नाहीत. एखादा त्यांच्या बोटावर चढायचा. त्या त्याला झटकत नसत.

"आपल्याच आहेत गं," म्हणायच्या. "ओळखतात मला."

"हो, माई," मी म्हणायची. "ओळखतात."